चिंचोके

आधी सभा तहकूबच व्हायची.
'गणसंख्येअभावी' हा शब्द माझी बोटं
न बघता टाईप करायची.
मग किसन शिपाई रजिस्टर काखेत मारून
दारोदार सह्या मागत फिरे
आणि कागदावर हिवरगव्हाण हजर होई.

त्या साली लोखंडेबाई ग्रामसेविका म्हणून आल्या.
पारावर सात मडकी मांडली,
प्रत्येकाच्या पोटावर खडूनं एकेक काम,
सातव्यावर नुसतंच 'इतर'.
म्हणाल्या, अकरा लाख चाळीस हजार आहेत, तुमचेच.
माणशी पाच चिंचोके घ्या
आणि पैसा जिथं जावा वाटतो तिथं टाका.

लोक हसले.
चिंचोक्यांवर आम्ही डाव मांडले होते,
टंचाईच्या सालात भाजून खाल्ले होते,
पण चिंचोक्यानं नाली होते
हे कुणाच्या आज्यानंही ऐकलं नव्हतं.

पहिल्या खेपेला कमान जिंकली.
एकेका मुठीतून वीस वीस चिंचोके पडले,
"घरच्यांचे बी माझ्यापाशीच हायेत."
कमान झाली. पहिल्याच हंगामात
उसाची ट्रॉली तिला घासून गेली,
दोन बोटं रंग अजून गेलेला आहे.

दुसऱ्या साली बाईंनी बायकांची सभा वेगळी घेतली,
दुपारी दोनला, शाळेच्या वऱ्हांड्यात.
चिंचोके ज्याच्या त्याच्या हातात.
म्हणजे जिच्या तिच्या पदरात, गाठ मारून.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग खैरुनबी उठली, भिंतीकडं बघत म्हणाली,
"पोरींच्या संडासाला कडी न्हाई.
एक आत जाती, एक दार धरून उभी ऱ्हाती.
दोघींचा बी तास बुडतो."
आणि खाली बसली.

मडक्यात पडणाऱ्या चिंचोक्यांचा आवाज
मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

मोजणी माझ्याकडं. कडी दोनशे चौदा,
पेव्हर ब्लॉक दोनशे नऊ.
सरपंच म्हणाले, परत मोज.
परत मोजले. परत पाचच जास्त.
कुणातरी एकीचा हात.

पोर्टलवर 'कडी' नव्हती.
यादी वरखाली करून डोळे दुखले,
तेव्हा लिहिलं : शौचालय दुरुस्ती व आनुषंगिक कामे.
त्या 'आनुषंगिक'मध्ये मी
कडी घातली, बादली घातली,
ओढणी अडकवायला एक खुंटी घातली.

गाव पालटलं, असं मी म्हणणार नाही.
नाली तशीच उंबऱ्याशी तुंबते,
ठेकेदार अजून सरपंचांचा साडूच आहे.
एवढंच झालं, की शाळेच्या फळ्यावर
खर्च लिहायचा ठरलं
आणि सातवीतल्या एका पोरीनं वाचता वाचता विचारलं,
कडी तीनशे चाळीसची कशी?
बाजारात नव्वदला मिळती.
बिल परत गेलं.
सह्यांचं रजिस्टर घेऊन किसन आता
कुणाच्याच दारी जात नाही,
त्याचे पाय सुटले, असं तो म्हणतो.

'इतर'च्या मडक्यात त्या साली
एकच चिंचोका निघाला होता. प्रयागबाईचा.
चार कडीला टाकून उरलेला.
तिला उपकेंद्रासमोर, लिंबाखाली, बाक पाहिजे होता,
बीपीच्या गोळीसाठी ताटकळणाऱ्यांना टेकायला.
एका चिंचोक्याचं काय करायचं असतं
हे नियमात कुठंच नव्हतं.
शिक्क्याशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

काल ती आली. सभेला अजून आठवडा आहे.
पदराची गाठ सोडून टेबलावर चिंचोके ओतले.
"खालच्या आळीचे एकोणीस,
वरच्या आळीचे सात, ज्याचा एक त्यानं दिलाय.
नावं सांगू का?"
मी म्हणालो, मावशी, मडकी अजून मांडली नाहीत.
"मांडशील तवा मांड. आत्ता मोजून घे.
आन् मागल्या सालचा माझा एक तुझ्यापाशी हाय,
त्यो बी धर."